तिच्या घरी केमो, माझ्या घरी बारसं, ग्रुपवर काय टाकू?

पत्र:

"ताई, मी पुण्यात असते, माहेर सांगली. कॉलेजच्या हॉस्टेलवरच्या आम्ही पाचजणी अजून घट्ट आहोत, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'भवान्या'. एक डोंबिवलीला, एक ठाण्यात, एक नाशिकला, एक अमेरिकेत. लग्नानंतर नऊ वर्षांनी, आयव्हीएफच्या तीन सायकल करून मला गेल्या आठवड्यात मुलगी झाली. मी सातव्या महिन्यात असताना डोंबिवलीच्या मैत्रिणीने मला एकटीला फोन करून सांगितलं की नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, निघालाय, परळला टाटाला केमो चालू होतेय, दर 21 दिवसांनी एक, अशा सहा. कुणालाच बोलू नकोस म्हणाली, तिच्या सासूबाईंना पण 'गाठ आहे, औषधं चालू आहेत' एवढंच सांगितलंय. आता ग्रुपवर ती गप्प असते. मुलगी झाल्याचं टाकलं तर तिने नुसता एक हार्ट दिला. बाकीच्या मला पर्सनलवर म्हणतात ही हल्ली फार शिष्ट झालीये. नाशिकच्या मैत्रिणीने तर तिला ग्रुपवरच ऐकवलं, तशी ती पण गेल्या वर्षीच्या मिसकॅरेजपासून जरा चिडचिडी झालीये. रविवारी बारसं आहे. फोटो टाकायला हात होत नाही, तिला बोलावू की नको कळत नाही, तिघींना खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं म्हणजे त्या मदत तरी करतील. आणि माझ्या सासूबाई म्हणतात ओल्या बाळंतिणीने असल्या बातम्या कानावरच घेऊ नयेत. काय करू?
— भवानी, पुणे"

उत्तर:

अगं भवानी, आधी अभिनंदन. नऊ वर्षांनी घरात पाळणा बांधला गेलाय आणि तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात लेकीसाठी एकच वाक्य, बाकी सगळं मैत्रिणींबद्दल. रात्री अडीच-तीनला पोरीला पाजता पाजता एका हाताने टाईप केलेलं पत्र आहे हे कळतंय मला. त्यामुळे लांबण न लावता आधी सरळ सांगते, मग बाकीचं बोलू.

तिघींना सांगू नकोस. फोटो टाक. पण फोटोच्या आधी डोंबिवलीला एक पर्सनल मेसेज गेला पाहिजे. आणि तिला बारशाचं बोलावणं कर.

तुझा घोळ असा झालाय की तू एकाच वेळी दोन्ही घरच्या बातम्या सांभाळत बसलीयेस. तिची बातमी कुणाकुणाला कळावी हे पण तूच ठरवायला निघालीस, आणि तुझ्या बातमीने तिला काय वाटेल हे पण तूच तिच्या वतीने ठरवून मोकळी झालीस. बाळाची बातमी तुझी आहे, ती सांग बिनधास्त. आजाराची बातमी तिची, खरं तर तिच्याही आधी तिच्या नवऱ्याची, शरीर त्याचं आहे. ती ते दोघं सांगतील, त्यांना वाटेल तेव्हा, त्यांना झेपेल तेवढी.

आता तू म्हणशील ताई पण त्या तिघी काय परक्या आहेत का. नाहीत गं. पण बातमी तिघींपाशी थांबते का सांग मला. ठाण्याची नवऱ्याला सांगणार, त्यात तिचं काही चुकलं असंही नाही, नवऱ्याला सांगतोच आपण. तो कुठल्यातरी लग्नात डोंबिवलीच्या कुणाला तरी भेटणार, आणि मग एक दिवस दुपारी एखादी लांबची मावशी थेट सासूबाईंनाच फोन लावून विचारणार, काय हो केमो झेपतेय का त्याला? फोन ठेवल्यावर त्या घरात काय होईल याचा विचार कर. शाळेत जाणारं पोर असेल घरात तर त्याला व्हॅनमधल्या दुसऱ्या पोराकडून कळेल. नवऱ्याच्या ऑफिसचं वेगळंच, अप्रेझलच्या आधी किती सांगायचं आणि एचआरला मेडिक्लेमपुरतं किती सांगायचं याचा हिशोब ते दोघं रात्री बसून करत असतील. गप्प बसायला तिच्याकडे सत्तर कारणं असू शकतात आणि त्यातलं एकही तुला सांगायला ती बांधील नाही.

सासूबाईंना नुसतं गाठ म्हणून सांगितलंय हे मला स्वतःला विचारशील तर फार दिवस टिकणारं नाही. लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोमध्ये पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात, पोराचं डोकं बघून कुठल्या आईला कळत नाही? बहुतेक त्यांना कळलंय आणि त्या पण न कळल्यासारखं करतायत, आपल्याकडे घराघरात हे चालतं, सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि सगळे एकमेकांपासून लपवत असतात. पण हे माझं मत मी इथे लिहितेय, तू तिला ऐकवू नकोस. तो त्यांच्या घरातला मामला आहे.

मग 'शिष्ट झालीये' चं काय करायचं? इथे एक बारीक गोष्ट आहे बघ. आपल्याला वाटतं की आपण काही न सांगता नुसतं म्हणावं, 'अगं तिच्या घरी जरा टेन्शन आहे, मी नाही सांगू शकत पण समजून घ्या'. म्हणजे गुपित पण राहिलं आणि मैत्रिणीची बाजू पण घेतली. अजिबात नाही! एवढं वाक्य कानावर पडलं की तिघी रात्रीपर्यंत अंदाज लावत बसतील, नवरा सोडून गेला का, नोकरी गेली का, कर्ज झालं का, आणि अमेरिकावाली तर तिला थेट फोन करून विचारेल की तुला काय झालंय, हिला माहितीये आणि मला का नाही. त्यापेक्षा एवढंच म्हण, 'शिष्ट ती कधीच नव्हती, आपण ओळखतो तिला. मला विचारण्यापेक्षा तिला फोन करा, नाही उचलला तर मेसेज टाकून ठेवा.' यात खोटं पण काही नाही आणि फुटलं पण काही नाही. नाशिकवालीने ग्रुपवर ऐकवलं त्यावर मात्र तू काहीतरी बोलायला हवं होतंस. अजून वेळ गेलेली नाही, तिला पर्सनलवर सांग की मला ते आवडलं नाही.

आणि मदतीचं म्हणशील तर तो मुद्दा बरोबर आहे तुझा. एकट्या बाईने केमोच्या सहा सायकल काढणं सोपं नाहीये. रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रत्येक डोसनंतर साधारण आठवडाभराने खाली जातात आणि साधारण दुसरा आठवडा संपेपर्यंत खालीच असतात, त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तरी रात्र काय आणि दिवस काय, लगेच हॉस्पिटलला फोन करून निघावं लागतं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायची सोय नसते. म्हणजे ती रात्री उशाशी थर्मामीटर ठेवून झोपत असणार, झोपत असली तर. अशा बाईने तुझ्या बातमीवर एक हार्ट टाकला ना, तो पुष्कळ आहे गं. पण म्हणून तिच्या मागे जाऊन मदत गोळा करायची नाही. तिलाच विचार. मी असा मेसेज केला असता:

'तिघींना मी काही बोललेले नाही आणि बोलणार पण नाही. पण तुला कधी वाटलं ना की यांना कळलेलं बरं, तर तुला चारदा तेच तेच सांगत बसायला नको, तू मला लिहून दे काय आणि किती सांगायचं, मी तेवढंच सांगेन आणि वर बजावेन की कुणी फोन करून रडायचं नाही. घाई नाही. रिप्लाय नाही दिलास तरी चालेल.'

ते शेवटचं वाक्य विसरू नकोस. आजारी माणसाच्या घरात काळजीने विचारणाऱ्यांना उत्तरं देत बसणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं, प्रत्येकाला रिपोर्ट सांगा, प्रत्येकाचा धक्का आपण पचवा, वर प्रत्येकाला 'होईल गं सगळं नीट' म्हणून आपणच धीर द्या. म्हणून ज्या घरात हे नीट चालतं तिथे बहुतेक वेळा बातमी सांगायला एकच माणूस ठरलेलं असतं. ते माणूस तू होऊ शकतेस, घरबसल्या, बाळंतपणात पण. मात्र तिने नेमलं तर.

आता तुझ्या आनंदाच्या बातमीकडे येऊ, कारण खरं अवघडलेपण तुला तिथेच आहे.

तू स्वतः आठव जरा. दोन सायकल फेल गेल्या होत्या तेव्हा ग्रुपवर कुणाच्या तरी बाळाचे फोटो धडाधड पडायचे तेव्हा तुला काय व्हायचं. फोटो बघून त्रास व्हायचाच, पण त्याहून जास्त राग कधी यायचा? माझ्याकडे या विषयावर पत्रं खूप येतात, त्यातल्या बायका सांगतात की सगळ्यात जास्त लागतं ते आपल्याला वगळल्याचं. सगळ्यांना माहीत होतं, डोहाळजेवण झालं, आणि मला वाईट वाटेल म्हणून कुणी सांगितलंच नाही, मला फेसबुकवर कळलं. ही दया कुणालाच नको असते. तिच्या नवऱ्याला कॅन्सर झालाय म्हणून ती तुझी मैत्रीण नाहीशी झाली का? नऊ वर्षं तुझ्या प्रत्येक रिपोर्टची वाट तिने पण बघितलेली असेल ना. तिच्यापासून मुलीचे फोटो लपवणं म्हणजे तिला आताच सुतक लावल्यासारखं आहे, आणि तिचा नवरा उपचार घेतोय, लिम्फोमातून बरे झालेले लोक आपल्या आजूबाजूला नोकऱ्या करतायत.

फक्त क्रम सांभाळ. ग्रुपवर अल्बम पडायच्या आधी तिला एकटीला एक फोटो पाठव, छानसा, आणि त्याच्यासोबत तुझ्या आवाजात दोन ओळी, व्हॉइस नोट म्हणजे तिला कधीही ऐकता येईल, लोकलमध्ये, ओपीडीच्या रांगेत. 'ही बघ आपली छोटी भवानी. रविवारी बारसं आहे, तू आलीस तर मला खूप आवडेल, नाही आलीस तर मी समजेन, आणि ऐन वेळी ठरवलंस तरी चालेल. आता तू सांग, तो कसा आहे, मागची केमो कशी गेली?' बस. माफी मागू नकोस आनंद झाल्याबद्दल. 'तुझ्या घरी हे चालू असताना मी कसं साजरं करू' असलं तर अजिबातच बोलू नकोस, कारण मग तिलाच तुझी समजूत काढायला लागते. आणि विचारलंस की तो कसा आहे तर मग ऐकायची तयारी ठेव, पुढचं वाक्य परत पोरीच्या शी-शूवर नको.

ती यायचं म्हणाली तर थोडं डोकं लावावं लागेल. बारसं म्हणजे पंचवीस-तीस माणसं, त्यात कुणीतरी सर्दीवाली मावशी असतेच आणि ती नेमकी सगळ्यांना मिठ्या मारते. मैत्रीण इन्फेक्शन घेऊन घरी गेली आणि नवऱ्याचे काउंट, म्हणजे त्या पांढऱ्या पेशी, तेव्हा खाली असले तर त्याला ते महागात पडेल. म्हणून तिला तारखा बघू दे, केमोनंतरचा दुसरा आठवडा चालू असेल तर तिलाच नको वाटेल. सकाळी गर्दी व्हायच्या आधी तासभर येऊन जा म्हण, किंवा पाळण्यात घालताना व्हिडिओ कॉल लाव, ठाणेवालीच्या हातात फोन दे म्हणजे झालं. नवऱ्याला बाळ बघायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच, दीड महिन्याच्या लसींमध्ये रोटाव्हायरसचे थेंब असतात, ते दिल्यावर काही दिवस बाळाच्या शीतून तो विषाणू बाहेर पडतो, त्यामुळे इम्युनिटी कमी असलेल्या माणसाने त्या काळात लंगोट बदलायला जाऊ नये. अर्थात कुठला पुरुष पाहुणा येऊन लंगोट बदलतो म्हणा.

तुझ्या सासूबाईंशी भांडू नकोस. ओल्या बाळंतिणीच्या कानावर वाईट घालू नये यात थोडं तथ्य आहे, झोप नाही, हार्मोन्स खालीवर, डोळ्यांना उगाच धार लागते. पण तुला बातमी आधीच माहीत आहे, ती आता कानातून काढता येणार नाही, आणि मनात दाबून ठेवली तर जास्त त्रास देईल. त्यांना म्हण, आई, मी रोज ऐकत बसणार नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा बोलेन आणि बोलून झाल्यावर तुम्ही दिलेला डिंकाचा लाडू पण खाईन. रडू दोन आठवड्यांच्या वर चाललं, पोरीकडे बघावंसंच वाटेना, असं काही झालं तर मात्र ते मैत्रिणीमुळे आहे म्हणून सोडून देऊ नकोस, डॉक्टरला सांग, आणि तेही जमेना तर 14416 वर फोन कर, टेलीमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट असते आणि मराठीत बोलतात.

उद्या तिने परवानगी दिली की या तिघींना सांग, तर ग्रुपवर काय होईल तेही सांगून ठेवते. पाच मिनिटांत हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस, मग कुणीतरी गव्हांकुराच्या रसाचा फॉरवर्ड टाकणार, कुणीतरी 'कितवी स्टेज?' विचारणार आणि कुणाला तरी आपले काका आठवणार ज्यांना अगदी हेच झालं होतं आणि जे शेवटी गेले. तू आधीच सांगून ठेव, यातलं काही नको. 'काही लागलं तर सांग' हे पण नको, कारण ती कधीच सांगणार नाही. ठाणेवाली जवळ आहे, तिने केमोच्या दिवशी डबा द्यावा आणि घरात पोर असेल तर संध्याकाळी त्याला आपल्याकडे न्यावं. ठाणेवालीच्या नवऱ्याचा आणि दिराचा ब्लड ग्रुप लिहून ठेवा, रक्त किंवा प्लेटलेट लागले तर, प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत त्यामुळे ऐन वेळी येणारा माणूस लागतो. तू स्वतः त्या भानगडीत पडू नकोस, अंगावर पाजतेयस तोवर तुला देताच येणार नाही. अमेरिकावालीला वाटेल मी इतक्या लांबून काय करणार, तर तिची दुपार म्हणजे डोंबिवलीची मध्यरात्र, जेव्हा ही थर्मामीटर घेऊन बसलेली असते आणि इथे कुणालाच फोन करू शकत नाही. तिच्याइतका उपयोग तुमच्यापैकी कुणाचाच होणार नाही!

पैशाचा विषय तिने काढला तरच बोला, पण माहिती असलेली बरी. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती राहिलेली नाही, कव्हर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत आहे, पण त्याची मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, बिलं जमवून नंतर क्लेम करू म्हटलं तर मिळत नाही. म्हणून मेडिक्लेम संपत आलाय असं दिसलं की लगेच हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे किंवा मेडिकल सोशल वर्कच्या लोकांकडे जायचं. आणि उत्साहाच्या भरात कुणी मदतीचं आवाहन करून तिचा नंबर, नवऱ्याचा फोटो आणि रिपोर्ट ग्रुपांवर सोडायला लागलं तर तिथल्या तिथे थांबव. असले फॉरवर्ड परत घेता येत नाहीत, माणूस बरा होऊन कामाला लागतो तरी ते फिरतच राहतात.

जाता जाता एक. तुझ्या पत्रात एक बाई तू अर्ध्या ओळीत उरकलीयेस. नाशिकची. गेल्या वर्षी मिसकॅरेज, आणि 'तेव्हापासून चिडचिडी'. अगं तुझ्या बातमीने डोंबिवलीपेक्षा तिला जास्त लागत असेल अशी मला शंका आहे, आणि ग्रुपवर जे ती डोंबिवलीला बोलली ते बहुतेक तुझ्या बाळाच्या बातमीवरून आलेलं असणार, कारण तुझ्यावर तर चिडता येत नाही ना. तिची बातमी लपलेली नाही, सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कुणी त्याबद्दल बोलत नसेल. तिला रागाव, वर म्हटलंय तसं, पण त्याच फोनवर विचार की ती कशी आहे. तिलाही फोटो आधी पर्सनलवर पाठव. आणि बारशाला गोविंद घ्या गोपाळ घ्या करताना तिला पाळण्याच्या एका बाजूला उभं करायचं का हे तिलाच विचार, आधी, एकटीला. काहीजणींना तो मान हवा असतो आणि दिला नाही तर जन्मभर लक्षात राहतं, आपल्याला अपशकुनी समजले म्हणून. काहीजणींना त्या क्षणी त्या खोलीत थांबणंच नको असतं. ती यातली कुठली हे मला इथे बसून सांगता येणार नाही, तुलाही नाही, त्यामुळे सासूबाईंनी पाळण्याजवळच्या बायकांची नावं ठरवायच्या आधी फोन कर.